उघडं दार : पंडिता रमाबाई आणि सेवेतलं धैर्य

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये ४:२३-३१



आजचा उतारा आधी सावकाश वाचा. पेत्र आणि योहान यांना न्यायसभेने धमकावून सोडलं आहे. येशूच्या नावाने पुन्हा काही बोलायचं नाही अशी सक्त ताकीद मिळाली आहे. दोघे आपल्या लोकांकडे परत येतात, झालेलं सगळं सांगतात आणि मग सगळे मिळून प्रार्थना करतात. आता ते काय मागतात ते बघा. धमक्या बंद कर, विरोध करणाऱ्यांना दूर कर, असं ते मागत नाहीत. धमक्या देवाच्या समोर ठेवतात आणि स्वतःसाठी एकच गोष्ट मागतात : वचन पूर्ण धैर्याने बोलता यावं.

आपण बहुतेक वेळा उलटं मागतो, नाही का? प्रभू, परिस्थिती सोपी कर, मग मी तुझी सेवा करतो. ऑफिसच्या कँटीनमध्ये डबा उघडल्यावर डोळे मिटून प्रार्थना करायची की मनातल्या मनात उरकायची, इथपासून सुरुवात होते. युवा संगतीत पाच मिनिटं साक्ष द्यायला सांगितलं की घसा कोरडा पडतो. संडे स्कूलमध्ये शिकवशील का असं पाळकसाहेबांनी विचारलं की आपलं उत्तर तयार असतं : माझा तसा स्वभाव नाही हो. म्हणजे धैर्य ही काही जणांना जन्मतः मिळणारी गोष्ट, आणि ती आपल्याला मिळालेली नाही, असं आपण धरून चालतो.

म्हणून आज एका अशा व्यक्तीचं आयुष्य पाहू या, जिचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं आहे, पण जिची विश्वासाची वाट सहसा पुस्तकात येत नाही : पंडिता रमाबाई.

रानातलं शिक्षण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. सह्याद्रीच्या घाटात, आजच्या कर्नाटकातल्या गंगामूळ या रानातल्या ठिकाणी. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. बाईमाणसाला संस्कृत शिकवायचं नाही असा तेव्हाचा रिवाज. पण त्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, शिकवलं आणि लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला. त्यासाठी अनंतशास्त्रींना इतर पंडितांचा रोष सोसावा लागला. रमाबाईंनी धैर्य पहिल्यांदा पाहिलं ते घरातच.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराण सांगत देशभर फिरलं. १८७० च्या दशकात दुष्काळ पडला आणि आईवडील आणि थोरली बहीण उपासमारीने खंगून गेले. रमाबाई आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास उरले. दोघांनी शेकडो कोस पायी तुडवले. १८७८ साली ते कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. वय फक्त वीस.

हे सगळं वाचून वाटतं, ही तर जन्मजात धीट बाई! पण थांबा. पुढची चार वर्षं बघा. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे दोन्हीकडून बहिष्कार. १८८१ मध्ये मनोरमा जन्मली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने नवरा गेला. तेविसाव्या वर्षी विधवा, मांडीवर दहा महिन्यांची मुलगी, आणि माहेर म्हणावं असं कुणीच नाही.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. रमाबाईंना ऐकू कमी येत असे, आणि पुढे ते वाढतच गेलं. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण याच कारणामुळे तो विचार सोडावा लागला. ज्या बाईने पुढे हजारोंच्या सभा गाजवल्या, तिला समोरच्याचं बोलणं नीट ऐकू येत नव्हतं.

ख्रिस्ताकडे

विधवा झाल्यावर रमाबाई पुण्याला आल्या. १८८२ मध्येच त्यांनी आर्य महिला समाज काढला आणि सरकारच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. मुलींसाठी शिक्षिका हव्यात आणि बायकांसाठी बाईच डॉक्टर हवी, हे त्यांनी ठासून मांडलं. स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं आणि त्याच्या पैशातून १८८३ मध्ये इंग्लंड गाठलं.

तिथे वाँटेज गावी अँग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या. या भगिनी लंडनमध्ये वाईट मार्गाला लागलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रम चालवत. समाजाने टाकून दिलेल्या बायकांना इथे हाताला धरून उभं केलं जातं, हे रमाबाईंनी पाहिलं आणि त्या हलल्या. असं का करता, म्हणून त्यांनी विचारलं. तेव्हा त्यांच्यापुढे योहान ४ हा अध्याय आला, शोमरोनी स्त्रीचा. विहिरीवर एकट्या आलेल्या बाईशी प्रभू येशू थांबून बोलतो, तिला कमी लेखत नाही, उलट तिच्यापाशी आपली ओळख उघड करतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात मोठी खळबळ. टीका, टिंगल, आपल्याच माणसांचा राग. आणि तिकडे? तिथेही सगळं सरळ नव्हतं. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना, त्यांनी पुरुषांना शिकवू नये असं काही बिशपांचं मत पडलं. आपल्या देशात आपण पुरुषांपुढे बोलत आलो आहोत, हे रमाबाईंनी स्पष्ट कळवलं. शिकवणुकीतली जी गोष्ट शास्त्रात दिसत नाही ती फक्त वरिष्ठ सांगतात म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. क्रुसावर लॅटिन शब्द कशाला, माझ्या बहिणींना कळेल असं संस्कृत का नको, असाही त्यांचा आग्रह होता. ज्यांनी आसरा दिला त्यांच्याशी हे बोलणं सोपं नव्हतं. तरी त्यांचं प्रेम आणि उपकार त्यांनी कधी नाकारले नाहीत.

आपल्यासाठी इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. बाहेरच्यांपुढे धीट असणं एक वेळ जमतं. आपल्याच मंडळीत, आपल्या वडीलधाऱ्यांपुढे, नम्रपणे पण न घाबरता खरं बोलणं जास्त कठीण असतं.

शारदा सदन आणि उघडं दार

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या, निमित्त होतं आनंदीबाई जोशी यांच्या डॉक्टरकीच्या पदवीदान समारंभाचं. तिथे त्यांनी गावोगाव व्याख्यानं दिली आणि उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झालं आणि विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं. अट अशी की शाळेत कोणत्याही धर्माचा प्रचार व्हायचा नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये एक बालविधवा होती गोदूबाई, ज्या पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हाच्या प्रतिनिधींमध्ये रमाबाई होत्या. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात : सभेत मागच्यांना त्यांचा आवाज पोचेना. त्या थांबल्या, सगळे शांत झाले, आणि मग त्यांनी सुनावलं की बाईचा आवाज लहान राहिला यात नवल नाही, कारण तो मोठा करायची संधीच तुम्ही कधी दिली नाहीत. यात राग होता, पण तोल गेला नव्हता.

नंतर सदन पुण्याला हललं आणि खरी कसोटी तिथे लागली. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत मनोरमेबरोबर बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार उघडं असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हाकललंही नाही. हळूहळू बातमी बाहेर गेली, केसरीतून टीका झाली. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे आदरणीय लोक होते. त्यांना वाटलं, धर्माच्या बाबतीत अलिप्त राहण्याचं ठरलेलं असताना हे बरोबर नाही. १८९३ मध्ये त्यांनी राजीनामे दिले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इथे आपण घाईने कुणाला खलनायक ठरवू नये. रानडे आणि भांडारकर विधवांच्या बाजूने लढलेली माणसं होती, आणि लोकांनी त्यांच्या शब्दावर मुली पाठवल्या होत्या. त्यांची अडचण खरी होती. रमाबाईंचं म्हणणंही साधं होतं : मी शाळेत धर्म शिकवत नाही, कुणाला जबरदस्ती करत नाही, हिंदू मुलींना त्यांच्या पद्धतीने उपासना करायची मोकळीक आहे. पण माझ्या स्वतःच्या खोलीत मी माझ्या देवाला हाक मारते तेव्हा दार लावून घ्यायचं कारण काय?

दार लावलं असतं तर कदाचित सगळं वाचलं असतं. सल्लागार राहिले असते, मुली राहिल्या असत्या, नाव राहिलं असतं. आणि काम तर चांगलंच होतं ना! चांगलं काम वाचवण्यासाठी थोडं गप्प राहू या, हा मोह तुम्हा आम्हाला नेहमी पडतो. रमाबाईंनी दार उघडं ठेवलं आणि जे गेलं ते जाऊ दिलं. धैर्य म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून मोठ्याने बोलणं नव्हे. आपण जे आहोत ते लपवायचं नाही, आणि ऐकणाऱ्याला येण्याजाण्याची मोकळीक ठेवायची, एवढंच रमाबाईंनी केलं.

धीट होत्या, पण निर्धास्त?

आता या गोष्टीतला सगळ्यात आतला भाग. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षांनी, म्हणजे ऐन शारदा सदनाच्या धामधुमीत, रमाबाईंच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतःच्या साक्षीत मोकळेपणाने लिहून ठेवलं आहे. ग्रंथ वाचले होते, सिद्धांत तपासले होते, वाद जिंकले होते. पण माझ्या पापांची क्षमा झाली आहे आणि मी देवाची लेक आहे, ही खात्री आत नव्हती. एका इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांना हे जाणवलं. हा पाळक सेवेत असूनही आधी स्वतः तारणाच्या अनुभवाला मुकला होता. रमाबाई प्रभूपुढे रिकाम्या हातांनी आल्या, आणि त्यांना शांती मिळाली.

मित्रांनो, हा फरक नीट समजून घ्या. स्वभावाचा धीटपणा त्यांच्याकडे आधीपासून होता. पण तो धीटपणा माणसाला थकवतो, कारण प्रत्येक वेळी आपल्यालाच उभं राहायचं असतं. २ तीमथ्य १:७ मध्ये पौल तरुण तीमथ्याला आठवण देतो की देवाने दिलेला आत्मा भित्रेपणाचा नाही. तो सामर्थ्याचा, प्रीतीचा आणि संयमाचा आहे. तिथे सामर्थ्याच्या शेजारीच प्रीती बसली आहे. त्यानंतरच्या रमाबाईंच्या आयुष्यात हे तिन्ही एकत्र दिसतात.

वर्ग केलेली प्रार्थना

१८९६ च्या सुमारास लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरलं होतं. रमाबाईंबरोबर त्यांच्या पंधरा मुली होत्या, ज्यांनी प्रभूला स्वीकारलं होतं. एका पहाटे रमाबाई एकट्याच प्रार्थनेला गेल्या आणि त्यांनी एक विलक्षण मागणं केलं : प्रभू, या पंधराचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस! तेव्हा सदनात एवढ्या मुलीसुद्धा नव्हत्या.

मग मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाईंना आपले उपाशी दिवस आठवले. त्या तिकडे गेल्या आणि हाडांचे सापळे झालेल्या मुली, बालविधवा घेऊन आल्या, सुमारे तीनशे. पैसा? अमेरिकेतल्या मदतीची दहा वर्षं संपत आली होती. जागा? पुण्यात प्लेग शिरला होता आणि शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी नव्हती. केडगावला त्यांनी फळबागेसाठी घेतलेली ओसाड जमीन होती. तिथे झोपड्या उभारल्या गेल्या, आणि त्यातूनच मुक्ती सदन उभं राहिलं. १८९८ मध्ये त्याचं समर्पण झालं. वर्षभराच्या आत लोणावळ्याची ती प्रार्थना पूर्ण झाली, असं रमाबाईंनी नमूद केलं आहे.

१९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी शेकडो मुली आल्या आणि मुक्तीची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना, सगळं बायकाच चालवत. पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं, अंध मुलींना ब्रेल शिकवली जाई. १९०५ मध्ये रमाबाईंनी प्रार्थनेसाठी गट केले, दिवसातून दोनदा शेकडो जणी एकत्र जमू लागल्या, आणि त्या जूनमध्ये मुक्तीत मोठं संजीवन झालं. पश्चात्तापाचं रडणं, क्षमा मागणं, रात्र रात्र प्रार्थना. मग त्याच मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला निघाल्या. काही वर्षांपूर्वी ज्यांना घोटभर पेज भरवावी लागत होती, त्या आता अनोळखी दारात उभं राहून येशूबद्दल बोलत होत्या. ती संयमाने वाढवलेली माणसं होती. त्यांच्या आवाजात जोर कुठून आला हे आजचा उतारा वाचला की कळतं.

शेवटचं काम

आयुष्याच्या शेवटच्या पंधरावीस वर्षांत रमाबाईंनी एक काम हाती घेतलं, जे बघणाऱ्याला वेडेपणा वाटावा. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत संपूर्ण बायबल. त्यासाठी उतारवयात त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतमध्ये पदवी मिळवलेली ही पंडिता आता अवघड संस्कृत शब्द टाळत बसली होती, साधा शब्द शोधत. मुक्तीच्या छापखान्यात बायकाच खिळे जुळवत.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, आणि सगळ्या कामाची वारस. रमाबाई तरीही मुद्रितं तपासत राहिल्या. भाषांतराचं काम पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. त्या वेळी ना सभा होती, ना टाळ्या. एक थकलेली, जवळजवळ बहिरी बाई, टेबलापाशी बसून एकेक ओळ वाचत होती. माझ्या मते त्यांच्या सगळ्या धैर्यात हे सर्वात मोठं होतं.

आज आपल्यासाठी

तीन गोष्टी मनात ठेवा.

पहिली : आधी खात्री, मग धैर्य. सेवेत घाबरायला होत असेल तर स्वतःला धीट बनवायच्या मागे लागू नका. आधी प्रभूपाशी बसा आणि विचारा, मी तुझा आहे, तुझी आहे, हे मला आतून माहीत आहे का?

दुसरी : कमतरता हे कारण होऊ शकत नाही. तुमचा आवाज बारीक असेल, इंग्रजी कच्चं असेल, चारचौघांत बोलायची सवय नसेल. रमाबाईंना नीट ऐकूही येत नव्हतं.

तिसरी : दार उघडं ठेवा. कुणावर लादू नका, पण लपवूही नका. डबा उघडल्यावर प्रार्थना करा. कुणी विचारलं तर दोन वाक्यांत खरं सांगा. उरलेलं काम पवित्र आत्म्याचं आहे.

आज एक छोटं पाऊल ठरवा. कोणतं दार तुम्ही लोकांच्या भीतीने लावून ठेवलं आहे? ते आज थोडं तरी उघडा.

प्रार्थना : हे प्रभू येशू, आमच्या भीती तुला ठाऊक आहेत. परिस्थिती बदल असं आम्ही नेहमी मागतो; आज आम्हाला बदल. तुझ्या प्रेमाची खात्री आमच्या अंतःकरणात पक्की कर, म्हणजे आम्ही प्रीतीने आणि न घाबरता तुझं नाव सांगू. ज्या बहिणी आणि भाऊ आज एकटे उभे आहेत त्यांना तुझा हात दे. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.